आईकडून आलेलं

नागपुरात नवीन माणसाशी ओळख झाली की दुसऱ्या वाक्याला आडनाव विचारतात, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत त्यावरून काय काढायचं ते काढून मोकळे होतात. आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या मॅडम आडनाव विचारत नसत. त्या विचारायच्या, "तुझ्या आईचं गाव कोणतं?"

माझ्या मुलाखतीतही हाच पहिला प्रश्न होता. मी दाराशी नमस्कार करून बसते न बसते तोच त्यांनी तो टाकला. मी म्हटलं, "काटोल."

"आणि तिच्या आईचं?"

मला माहीत नव्हतं. समितीतले बाकीचे लोक हसले, मग माझ्या पदव्यांकडे वळले. नोकरी मिळाली, पण प्रयोगशाळेची किल्ली मागायला गेले तेव्हा मॅडमनी हात पुढे केला नाही. "विचारलं का घरी?" मी त्या रात्री आईला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "सौंसर." त्यांनी किल्ली दिली. "म्हणजे तू सौंसरची. काटोल वगैरे मधातले मुक्काम झाले."

हा विक्षिप्तपणा कशातून आला आहे हे कळायला मला एक सत्र लागलं. मॅडमचं सगळं आयुष्य एका जिवाणूच्या मागे गेलं होतं. हा जिवाणू किड्यांच्या पेशींच्या आत राहतो. एका किड्याकडून दुसऱ्याकडे तो सहसा खोकल्यासारखा पसरत नाही. आईच्या अंड्यात बसून तो लेकरांत उतरतो, तिथून त्यांच्या लेकरांत. बापाच्या शुक्राणूत त्याला मावायला जागा नाही, त्यामुळे नराच्या अंगात उतरलेला जिवाणू त्या नराबरोबरच संपतो. साहजिकच त्याचा सगळा जीव माद्यांवर. कुठल्या किड्यात तो नरांना अंड्यातच मारतो, कुठे नराची मादी करतो, आणि कुठे त्याच्या कारभारामुळे एकाच जातीतल्या दोन वस्त्यांचं एकमेकांशी जुळेनासं होतं, अंडी उबत नाहीत, आणि असं फार काळ चाललं की त्यातून वेगळ्या जातीही होऊ शकतात. डोळ्यांना न दिसणारा जीव कोणाच्या घरात काय जन्माला यावं हे ठरवतो, याचं मॅडमना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

त्या दिसायच्या कशा, तर बुटक्या. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. कमरेला स्वतः शिवलेली एक कापडी पिशवी, तिच्यात काचेच्या बारीक नळ्या, कापसाचे बोळे आणि मधाची बाटली. मोपेडवरून उतरल्यावर हेल्मेट काढायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. कधी कधी त्या तसंच हेल्मेट घालून वर्गात येत, हजेरी घेत आणि शिकवायला लागत. पोरं हसायची नाहीत, कारण हसलं की त्या फळ्याकडे बोट दाखवून विचारायच्या, "काय चुकलं?" आणि चूक सापडेपर्यंत तास पुढे सरकत नसे. मधाची बाटली किड्यांसाठी होती. पण एकदा तोंडी परीक्षेत एका मुलीला भोवळ आली, तेव्हा बाहेरच्या परीक्षकांसमोर त्यांनी त्याच बाटलीत बोट बुडवून तिच्या तोंडात घातलं आणि म्हणाल्या, "आता सांग, कोळ्याले पाय किती?"

रामदासपेठेत डॉक्टरांच्या बंगल्यांपुढे छान कापलेली कुंपणं आहेत. मॅडम भर रहदारीत मोपेड बाजूला घेऊन त्या कुंपणांची पानं उलटून बघत. एकदा मी मागे बसले होते. एका बंगल्याचा चौकीदार धावत आला.

"क्या चाहिए मैडम?"

"अंडी."

"अंडा उधर ठेले पे मिलेगा."

"वो बड़ा होता है," मॅडम म्हणाल्या आणि पान खुडून पिशवीत टाकलं.

प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत त्यांचं कल्चर होतं, म्हणजे नळ्यांत जोपासलेली किड्यांची वस्ती. मौद्याकडच्या एका कपाशीच्या शेतातून त्यांनी अनेक वर्षांपूर्वी आणलेली माशी. गांधीलमाशीच्याच गणगोतातली, पण रव्याच्या कणाहून बारीक. ही बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि अळी जन्मायच्या आधीच संपते, म्हणून शेतकऱ्यांच्या कामाची. या माशीत नराशी संग न होता घातलेल्या अंड्यातून एरवी नर निघतो. मॅडमच्या माशीत मात्र तो जिवाणू होता, आणि त्यामुळे त्याच अंड्यातून मादी निघायची. तिच्या पोटी मादीच, तिच्याही पोटी मादी. त्या खोलीत पिढ्यान् पिढ्या एकही नर जन्मला नव्हता. सगळ्याच माद्या, म्हणजे सगळ्याच अंडी घालणाऱ्या. मौद्याजवळच्या एका गावातल्या बायकांचा गट हे कल्चर नेऊन कार्डं बनवायचा. जाड कागदाच्या पट्टीवर धान्यातल्या पतंगाची अंडी चिकटवायची, त्यांत ही माशी सोडायची, आणि अंडी काळी पडली की ती पट्टी कपाशीच्या पानाखाली अडकवून द्यायची. त्या पतंगांना वाढवायला ज्वारीचा भरडा लागतो. त्याचा वास आणि पतंगांच्या पंखांची धूळ आमच्या मजल्यावर कायमची. आमचे प्राचार्य विभागात यायचे ते नाकाला रुमाल लावूनच.

विद्यार्थिनींनी एकदा महिला दिनाला या माशीवर तक्ता केला होता. वर रंगीत अक्षरांत 'निसर्गातील स्त्रीशक्ती'. मॅडमनी तो शांतपणे भिंतीवरून काढला, गुंडाळून मुलींच्या हातात दिला.

"यात शक्ती कुठं दिसली वं तुम्हाले? जिवाणूले पुढं जायचं आहे. पुढची गाडी आईच्या अंड्यातून सुटते, म्हणून तो पोरी करते. उद्या बापाकडून गाडी सुटली तर पोरं करीन. त्याले तुमचं काही पडलं नाही. किड्याचं किड्यापाशी राहू द्या."

हे शेवटचं वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते विभागाचं ब्रीदवाक्य झालं होतं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मला त्याचा अर्थ लागला. दुसरीही मुलगीच झाली. सासूबाई वाईट नाहीत, पण दवाखान्यात त्यांनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. भेटायला आलेले एक सहकारी वातावरण हलकं करायला म्हणाले, "तुमच्या विभागाची हवाच तशी आहे. मॅडमच्या माशीसारखं." मागे मॅडम उभ्या होत्या. हेल्मेटसकट.

"तुम्ही घरी जा," त्या त्यांना म्हणाल्या. पुढे काही नाही. ते गेले. मग त्या माझ्याजवळ बसल्या. मला वाटलं आता त्या मुलगा-मुलगी बापाकडून कसं ठरतं ते सासूबाईंना समजावतील. त्यांनी विचारलं, "झोप होते का तुह्यी?" मी रडायला लागले. त्या बाळाला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि मी झोपून उठेपर्यंत तिथेच फेऱ्या घालत राहिल्या. सासूबाईंनी नंतर मला सांगितलं, त्या बाळाशी बोलत होत्या, पण बाळ समजून नाही, मोठ्या माणसाशी बोलावं तसं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. शहराच्या टोकाला बेस्यात स्वतःचं लहानसं घर होतं, तिथे त्या आणि त्यांची आई, जिला मी आजी म्हणायचे. आजी ऐंशीच्या पुढच्या. पडून खुब्याचं हाड मोडल्यावर त्या पलंगालाच खिळल्या, आणि मॅडमना फार वेळ बाहेर राहणं जमेना. तेव्हा त्यांनी कल्चरच्या काही नळ्या घरी आणून आजींच्याच खोलीत खिडकीशी मांडल्या. घरातली तीच सगळ्यात थंड खोली होती. माझी ये-जा तिथूनच वाढली.

मॅडमच्या घरची गोष्ट मला त्यांनी एकदाच सांगितली, तीही नळ्यांना बोळे लावता लावता, मान वर न करता. आजींना पाच मुली झाल्या. मॅडम चौथ्या. पाचवीनंतर वडिलांनी दुसरी बायको आणली, त्याच घरात. तिला मुलगा झाला आणि तो चालायला लागायच्या आत ती तापानं गेली. मग तो मुलगा आजींनी वाढवला. "कढईतली साय त्याच्या वाटीत जायची," मॅडम म्हणाल्या. "आम्ही पाची जणी पाहून राहायचो. मी एकदा विचारलं, काहून त्यालेच? तर आईनं मले मारलं. त्याच्या आधी कधी मारलं नव्हतं." पुढे वडील गेले, शेत मुलाच्या नावावर झालं, आणि मॅडमनी नोकरी लागताच आईला नागपुरात आणलं. बहिणी आपापल्या घरी. सावत्र भाऊ मौद्याजवळच शेती करतो.

तो दर रविवारी यायचा. चाळिशी ओलांडलेला, उन्हानं काळवंडलेला, फार कमी बोलणारा माणूस. कधी तुरीच्या शेंगा आणायचा, कधी संत्री. आजी त्याला 'बाबू' म्हणायच्या आणि त्याचा हात धरून बसायच्या. तो आला की मॅडम गच्चीवर जायच्या. तो जाईपर्यंत खाली यायच्या नाहीत. त्याच्यासाठी चहा ठेवायच्या, तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर, कपावर बशी झाकून. तो चहा पिऊन कप नळाखाली धुऊन ठेवायचा आणि निघायचा. त्यांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं.

आजींना नळ्यांचं वेड लागलं ते असं. माशा उजेडाकडे धावतात. सकाळी खिडकी उघडली की नळीच्या एका टोकाला बारीक काळी गर्दी जमायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजींना बरं दिसत होतं, आणि मॅडमनी त्यांना हातातलं भिंग दिलं होतं. एका सकाळी मी तिथे असताना त्यांनी विचारलं, "यात बापे किती वं?"

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या.

"सगळ्या पोरीच?"

"हाव."

"अन् यायच्या पोटी?"

"त्याही पोरीच."

आजी बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अन् यायले कोणी काही म्हणत नाही?"

मी मॅडमकडे पाहिलं. किड्याचं किड्यापाशी, असं आता येईल म्हणून थांबले. मॅडमनी बोळा नळीत दाबला आणि म्हणाल्या, "नाही आई. कोणी काही म्हणत नाही."

आजी हसल्या. दात नव्हते, त्यामुळे ते हसू सगळ्या चेहऱ्याचं होतं. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी विचारायच्या, "पोरी कशा आहेत?" आणि मॅडम कॉलेजात प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तशा गंभीरपणे सांगायच्या, "बऱ्या आहेत."

मग तो उन्हाळा आला. नागपूरचा मे आम्हाला नवा नाही, पण त्या वर्षी रात्रीही भिंती हातभर अंतरावरून गरम लागायच्या. कॉलेजला सुट्टी होती. आमच्या इमारतीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दुरुस्तीला माणसं मिळेनात. कल्चरच्या खोलीतला एसी बंद पडला. कळून आम्ही तिथे पोचलो तोवर नळ्यांच्या तळाशी नुसती काळी धूळ होती. मॅडमनी एकेक नळी उजेडासमोर धरून पाहिली आणि परत जागेवर ठेवली. धुवायला काढली नाही एकही. "घरच्या आहेत," एवढंच म्हणाल्या.

घरच्या होत्या, पण बेस्यातही लाईट जात होती, आणि पाण्याचा टँकर वेळेवर येत नसल्यामुळे कूलर कोरडाच फिरायचा. मॅडम आईच्या अंगावर ओला पंचा टाकत आणि दुसरा नळ्यांभोवती गुंडाळत. आजी तगल्या. माशाही तगल्या. मला वाटलं, निभावलं.

पुढची पिढी निघाली तेव्हा मॅडमचा फोन आला. "ये. काही विचारू नको."

ही त्यांची जुनी पद्धत. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा एकट्यांचा विश्वास नसे. आपल्याला काय दिसलं ते न सांगता त्या दुसऱ्याला बघायला लावत. मी बेस्याला गेले आणि समोरच्या खोलीत, त्यांनी कॉलेजातून आणून ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. या माशीत नर ओळखायचा तो मिशांवरून. मादीच्या मिशा आखूड, गदेसारख्या. नराच्या मिशांवर लांब केस, बाटली धुवायच्या ब्रशासारखे. मी पाठ्यपुस्तकातल्या चित्राबाहेर ते कधी पाहिले नव्हते.

"नर आहेत," मी म्हटलं.

"किती?"

"बरेच."

त्या खुर्चीत बसल्या. हेल्मेट मांडीवर होतं. "ऊन लागलं का माशीच्या आधी जिवाणू कमी होते. आया जिवंत राहिल्या, पण अंड्यात द्याले त्यायच्यापाशी जिवाणू पुरला नाही. म्हणून पोरं झाले." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी ते पोरं त्यायच्यासोबत एका नळीत सोडून पाह्यले. माद्या पळतात. इतक्या पिढ्या काम पडलं नाही, आता त्यायले उमजतच नाही का याचं काय करायचं."

हा शोध म्हणून मोलाचा होता, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. एरवी त्या असल्या गोष्टीवर आठवडाभर जेवण विसरल्या असत्या. त्या दिवशी त्या खाली बघत होत्या. मग विचारलं, "आईले काय सांगू?"

एखादी गोष्ट कशी सांगावी हे त्यांनी मला विचारण्याची ती पहिली वेळ. त्यांच्या आईनं आयुष्यात 'कोणी काही म्हणत नाही' या एका वाक्याचा आधार घेतला होता आणि तो या नळ्यांमध्ये होता. मी म्हटलं, "कशाला सांगायचं, मॅडम? त्यांना मिशा थोड्याच दिसणार आहेत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण हिला इतकी वर्षं काय शिकवलं, अशा नजरेनं. मग त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग.

"पोरी कशा आहेत?" आजींनी विचारलं.

"आई, यंदा पोरं झाले."

आजींची बोटं ओल्या पंचावर थांबली. "कशानं?"

"उन्हानं."

बाहेर कूलरचा पंखा कोरडा घरघरत होता. आजी छताकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या भिंतीकडे तोंड करतील.

"कुठं आहेत ते?"

मॅडमनी वेगळी काढलेली नळी दाखवली. "हे घे. बाजूले काढले."

"खातात काय?"

"मध. पण यायले टाकला नाही. हे काही कामाचे नाहीत आई. अंडी घालत नाहीत, काही नाही. फेकाले काढले."

आजींनी भिंग मागितलं. नळी उजेडाकडे धरून खूप वेळ पाहिलं. मग ती मॅडमकडे परत देत म्हणाल्या, "कामाचे नसले तरी भूक लागते न वं. टाक मध."

मॅडम नळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून बाटली काढली, टाचणीच्या टोकावर मध घेतला आणि नळीच्या आत एक बारीक रेघ ओढली.

ते नर आपल्या मरणानं मेले, कोणी फेकले नाहीत. ज्या माद्यांच्या अंगात थोडाफार जिवाणू उरला होता त्यांना मॅडमनी एकेक करून वेगळ्या नळीत ठेवलं, आणि पावसाळा सरता सरता अशा एका मादीपासून पुन्हा सगळ्या मुलींची ओळ सुरू झाली. मौद्याकडच्या बायका आज कार्डं करतात ती तिच्याच लेकींची. आजींनी ते पाहिलं. त्या पुढच्या थंडीत गेल्या. मॅडमही आता निवृत्त झाल्या. अजून रस्त्यात कोणी ओळख करून दिली की आडनावाच्या आधी आईचं गाव विचारतात.

पण मला सांगायचा आहे तो त्याच मे महिन्यातला, मधाच्या दिवसानंतरचा रविवार. नळ्या वेगळ्या करायला मी सकाळपासून तिथे होते. दुपारी फाटक वाजलं. सावत्र भाऊ आला होता, डोक्याला दुपट्टा, हातात आंब्यांची पिशवी. तो नेहमीप्रमाणे आत जाऊन आजींजवळ बसला. मॅडम गच्चीच्या जिन्याकडे गेल्या नाहीत. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत राहिला. तो बाहेर येऊन व्हरांड्यातल्या खुर्चीशी पोचला, तेव्हा तिथे चहाचा कप नव्हता. तो तसाच उभा राहिला, मग चपला घालायला वाकला.

"आत बस," मॅडम दारातून म्हणाल्या. "ऊन आहे बाहेर."

तो आत येऊन खाली बसला. मॅडमनी ताट ठेवलं. पोळी, आंब्याचा रस, वरण-भात, तळलेली कुरडई. त्यानं ताटाकडे पाहिलं, हात लावला नाही.

"तू बस न, ताई."

"मी जेवली."

त्या जेवल्या नव्हत्या. आम्ही दोघी सकाळपासून नळ्यांशीच होतो. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. रसावर माशी बसली, ती मॅडमनी हातानं उडवली. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

मग मॅडम आत गेल्या आणि आणखी दोन ताटं घेऊन आल्या. एक माझ्यापुढे ठेवलं, एक घेऊन त्याच्या समोर बसल्या. त्यानं पोळी मोडली. आतून आजींचा आवाज आला.

"कोण कोण जेवून राहिलं वं?"

मॅडमनी घास गिळला.

"आम्ही, आई."